सात नंबरचं झाकण

ऑफिसात सगळे तिला झोपवाली म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण तिला त्याचा राग येत नसे. राग येण्यासारख्या दुसऱ्या गोष्टी तिच्याकडे भरपूर होत्या. लॅपटॉप झोपवायचे आणि उठवायचे, हे तिचं काम. ऐकणाऱ्याला वाटावं, यात काय मोठंसं? आपण काम अर्धवट टाकून उठतो, लॅपटॉप पडदा काळा करून पडून राहतो, परत येऊन बटण दाबलं की होता तिथून सुरू होतो. पण ते तेवढं सोपं असतं तर झोपवालीला कुणी पगार दिला नसता. यंत्राच्या पोटात कर्नल नावाचा मूळ प्रोग्रॅम असतो. झोपायच्या आधी पडदा, आवाज, नेटवर्क अशा एकेकाला दिवा मालवायला तोच लावतो आणि उठताना एकेकाला हाकही तोच मारतो. त्यातल्या एकाने जरी ओ दिली नाही, तरी अख्खं यंत्र मख्खासारखं पडून राहतं आणि माणसाचं अर्धं लिहिलेलं काम पाण्यात जातं.

तिची खोली लांबट आणि गार होती. भिंतीशी लोखंडी मांडणी, मांडणीवर झाकणं उघडून ठेवलेले लॅपटॉप, प्रत्येकाच्या कपाळावर नंबराची चिठ्ठी. चाचणीचा प्रोग्रॅम एकेकाला झोपवायचा, त्याच्याच घड्याळात गजर लावायचा, गजर झाला की यंत्र उठायचं, सगळे अवयव जागेवर आहेत ना हे तपासलं जायचं, आणि बिचाऱ्याची परत झोपायला रवानगी. असं हजार वेळा. त्यात एखादं यंत्र एकदा जरी उठलं नाही, तरी सगळ्यांची मोजणी पुन्हा शून्यापासून. हा नियम साहेबांचा, आणि हजार पुरे झाल्याशिवाय नवा कर्नल बाहेर पाठवायचा नाही हाही त्यांचाच.

दारावर 'स्वयंचलित चाचणी विभाग' अशी भारदस्त पाटी होती. स्वयंचलित म्हणजे माणूस लागत नाही, असं पाटी वाचणाऱ्याला वाटायचं. आत बघावं तर झोपवाली डबा, शाल आणि चिडचिड घेऊन ठिय्या देऊन बसलेली. एखादं यंत्र उठलं नाही, तर ते बंद करून चालू करण्याआधी त्याच्या पोटातली माहिती काढून घ्यावी लागते, आणि ते तिच्याशिवाय कुणाला धड जमत नव्हतं. निदान तिचा तसा ठाम समज होता, आणि साहेबांना तो सोयीचा होता.

एरवी तिने हे सगळं हसत रेटलं असतं. पण या वेळी तिकडे आईच्या घरी ताई तिच्यासाठी थांबली होती.

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. ताई कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर माप पाठवत आणि ताई त्यावरून असे दात घडवायची की माणूस बिनधास्त हसायला लागायचा. आईचं घरात पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ताईने ते काम सोडलं आणि आईच्या उशाशी येऊन राहिली. "थोडे दिवस तू बघ, मग मी येते," असं झोपवाली तेव्हा म्हणाली होती. त्या थोड्या दिवसांचं वर्ष झालं. आता एका दूरच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने ताईला बोलावलं होतं. चांगली जागा होती, ताईच्या हाताला शोभेल अशी. झोपवालीने लांबलचक रजा टाकली, आईजवळ ती राहणार, ताई जाणार, असं सगळं ठरलं. साहेबांनीही मान डोलावली. फक्त म्हणाले, "जायच्या आधी तेवढे हजार पार पाडून जा, मॅडम."

शुक्रवारी ती बॅग घेऊनच ऑफिसात आली. मोजणी संपत आली होती. खिडकीजवळच्या टेबलावर सात नंबर होता. मांडणीत जागा उरली नव्हती म्हणून त्याला एकट्याला तिथे हलवलं होतं. झोपवाली त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली, कारण त्या खोलीत फोनला रेंज मिळायची ती फक्त खिडकीशी. ताईचा फोन केव्हाही आला असता. टेबलभर वायरींचं जंजाळ, म्हणून फोन कव्हर मिटून ठेवला लॅपटॉपवरच, मनगट टेकतो त्या मोकळ्या पट्टीवर. एकेक यंत्र उठत होतं, हिरवी खूण पडत होती. आणि सात नंबर उठलाच नाही.

तिने कपाळावर हात मारून घेतला. दोरी ओढावी तसे सगळे आकडे शून्यावर आले.

माहिती काढली तर त्यात भलतंच निघालं. सात नंबर उठला होता. उठून त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि नोंद केली: झाकण बंद आहे. झाकण बंद असलं की झोपायचं, ही त्याला शिकवणूक. म्हणून तो गुणी बाळासारखा परत झोपला. आणि झाकण तर तिच्या डोळ्यांसमोर सताड उघडं!

"खोटारडा," ती त्याला म्हणाली.

झाकणाचं खातं होतं मुनीकडे. कर्नलमध्ये झोपेचा आणि झाकणाचा भाग लिहिणारा हा माणूस इतका कमी बोलायचा की त्याचं दुसरं काही नाव पडणं शक्यच नव्हतं. झोपवाली त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि तिने सगळा पाढा वाचला. मुनीने नोंद पाहिली, मग आपला कोड पाहिला, मग पुन्हा नोंद.

"यंत्र म्हणतंय झाकण बंद आहे," तो म्हणाला.

"यंत्र काय वाट्टेल ते म्हणेल! मी समोर बसले होते. उघडं होतं."

"माझा कोड झाकणाला विचारतो. झाकण सांगतं तेच लिहितो."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

मुनी पुन्हा पहिल्या ओळीपासून कोड वाचायला लागला. न बोलणाऱ्या माणसाशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं. ती बॅग घेऊन खोलीत परतली आणि ताईला फोन लावला.

ताई त्या दिवशी भडकली. "वर्षभर हेच ऐकतेय मी! मी काय त्यांना सांगू, माझ्या बहिणीचं खेळणं उठलं नाही म्हणून मी रुजू होत नाही?" तरी तिने प्रयोगशाळेच्या मालकांना गयावया केली. मालक भले होते. एका आठवड्याची मुदत मिळाली. "पुढच्या सोमवारी मी तिथे नसेन, तर ते दुसरं माणूस घेणार आहेत. कळलं ना?" ताई म्हणाली. झोपवाली म्हणाली, कळलं, शप्पथ.

मग तिने डोकं चालवलं. यंत्रातच खोट असेल, म्हणून सात नंबर उचलून कपाटात टाकला आणि त्याच जातीचा कोरा करकरीत लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. त्यालाच सात नंबरची चिठ्ठी लावली. मोजणी नव्याने सुरू झाली. मांडणीवरच्यांकडे बघायची गरजच नव्हती, ते मुकाट्याने झोपत होते, उठत होते. ती सातवर नजर ठेवून त्याच्याशी बसून राहिली. ती जेवायला गेली की सात नंबर शहाण्यासारखा वागायचा. आणि बुधवारी, ती समोर असताना, त्याने पुन्हा तेच केलं. उठला, झाकण बंद आहे म्हणाला, झोपला. बऱ्याच वेळाने आपल्या मर्जीने उठून बसला, ते वेगळंच.

"कोरं यंत्रही तेच करतंय," तिने साहेबांसमोर मुनीला सुनावलं. "म्हणजे यंत्र निर्दोष. खोट कर्नलमध्येच." यात तर्क म्हणून काही चूक नव्हती. साहेबांनाही पटलं. मुनीच्या चार महिन्यांच्या कामावर खापर फुटलं, आणि साहेब म्हणाले, दोष सापडला नाही तर झाकणाचा सगळा नवा भाग उपटून काढू. मुनी नुसता पांढरा पडला.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. झोपवाली इतकी वैतागली होती की तिने ताईला बोलूच दिलं नाही. कोरं यंत्र, मुनीचा ढिम्म चेहरा, साहेबांची बोलणी, सगळं एका दमात ऐकवलं. "पण शनिवारी नक्की निघते. सोमवार चुकवू देणार नाही," ती म्हणाली.

"बरं," ताई म्हणाली. "मला तुला एक सांगायचं होतं."

"थांब, थांब, सात नंबर आपला आपण उठून बसलाय! मी करते फोन."

तो फोन करायचा राहून गेला. पण ताई चिडली नाही, हे तिच्या लक्षात राहिलं, आणि तिला बरं वाटलं. शुक्रवारी तिसऱ्यांदा मोजणी कोसळली, तेव्हाही ताई एवढंच म्हणाली, "बरं. सावकाश ये." बहीण असावी तर अशी, असं झोपवालीला वाटलं.

साहेबांनी मधला मार्ग काढला. तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ते सात नंबर वगळून टाका ना. बाकीचे तर उठतायत."

मोह झाला तिला. खरंच झाला. एक ओळ खोडायची, बॅग उचलायची, की सोमवार हातात. पण झाकण उघडं असताना झोपणारं यंत्र लोकांच्या मांडीवर जाणार, आणि ते लोक आपल्याला ओळखतही नसताना आपल्या नावाने बोटं मोडणार, हे तिला सहन होईना. "गिऱ्हाइकाला काय सांगू, सात नंबरचा घेऊ नका?" तिने विचारलं. साहेबांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

शनिवारी मुनी आपली खुर्ची घेऊन तिच्या खोलीत आला. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि सात नंबरकडे टक लावून बघत राहिला. झोपवालीच्या नाकी नऊ आले होते. तिला त्याचं बसणंही खुपत होतं, श्वास घेणंही.

"असं बघून काय होणार आहे?" ती म्हणाली.

"तुम्हीही बघतच होतात," मुनी म्हणाला.

तेवढ्यात सात नंबरवर ठेवलेला तिचा फोन वाजला. तिने झडप घालून उचलला. ताई होती. "आई विचारतेय, येतेयस का. येणार असशील तर गादी घालून ठेवते."

"येतेय गं बाई! किती वेळा सांगू? इथे कुठे घोडं पेंड खातंय तेच कळेना आणि वरून तुम्ही!" तिने फोनचं कव्हर फटकन मिटलं आणि फोन सात नंबरवर आदळला.

सात नंबरचा पडदा काळा झाला.

"बघा! बघा!" ती ओरडली. "आत्ता तुमच्यासमोर झोपला!"

मुनी खुर्चीतून पुढे झुकला. त्याच्या चेहऱ्यावर तिने पहिल्यांदाच काहीतरी हललेलं पाहिलं.

"फोन उचला," तो म्हणाला.

"कशाला?"

"उचला."

तिने उचलला. सात नंबरचा पडदा उजळला.

"ठेवा."

ठेवला. काळा.

"थोडा उजवीकडे ठेवा."

उजवीकडे ठेवला, तर पडदा उजळलेलाच राहिला. पुन्हा डाव्या कोपऱ्यात ठेवला. काळा. मुनीने फोन उचलून घेतला, कव्हरची झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. झडप जिथे चिकटायची तिथे आत बारीकसं लोहचुंबक होतं. आणि मग तो सलग इतकं बोलला, जितकं तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. लॅपटॉपला डोळे नसतात. झाकणाच्या कडेला एक चुंबक असतं आणि खाली, मनगटाच्या पट्टीखाली डाव्या बाजूला, ते चुंबक ओळखणारा एक तुकडा बसवलेला असतो. चुंबक जवळ आलं म्हणजे झाकण मिटलं, एवढंच त्याला समजतं. कुठलं चुंबक, कुणाचं, हे तो विचारत नाही.

झोपवाली खुर्चीत बसली. म्हणजे खोली बरोबर होती, यंत्र बरोबर होतं, मुनीचा कोड अक्षरन् अक्षर बरोबर होता. नादुरुस्त होती ती एकच वस्तू, जी खिडकीशी बसून ताईच्या फोनची वाट बघत होती. सात नंबर उठत नाही म्हणून ती त्याच्याजवळ बसायची, आणि ती बसायची म्हणून तो उठत नव्हता. फोन घ्यायला उचलला की सात नंबर आपल्या मर्जीने जागा! तिला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. मुनीला ती "चुकलं माझं" म्हणाली, तेव्हा त्याने फक्त मान हलवली आणि फोन तिच्या हातात दिला.

मोजणी पुन्हा शून्यापासून लागली. साहेब आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "चला, आता फोन खणात ठेवा आणि बसा. एकदाचे हजार होऊन जाऊ देत."

"मी चालले," झोपवाली म्हणाली.

"अहो, पण लक्ष कोण ठेवणार?"

"लक्ष ठेवलं म्हणूनच आठवडा वाया गेला, साहेब."

साहेबांनी तोंड उघडलं, पण मुनी मध्येच म्हणाला, "मी दाराबाहेर बसतो." आणि खुर्ची उचलून तो बाहेर गेलासुद्धा.

रविवारी दुपारी ती घरी पोचली. जिने चढताना तिच्या मनात हिशेब पक्का होता: ताईची संध्याकाळची गाडी, रात्रीचा प्रवास, सोमवारी सकाळी ताई कामावर. दार ताईनेच उघडलं. घरातलेच कपडे, हाताला पीठ. आतून आईची हाक आली, "आली का गं ती?"

"बॅग कुठेय तुझी?" झोपवालीने चपला काढतानाच विचारलं. "भरली नाहीस अजून? मी भरते, चल."

"मी जाणार नाहीये," ताई म्हणाली.

"म्हणजे काय?"

"नाही म्हणून कळवलं मी त्यांना. बुधवारी. त्यांनी दुसरी मुलगी घेतलीसुद्धा."

झोपवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बुधवारी? आणि मला आज सांगतेस? मी तिकडे जिवाचं रान करतेय, सोमवार चुकू नये म्हणून मरमर मरतेय, आणि तू—"

"बुधवारी तुला फोन केला होता," ताई शांतपणे म्हणाली. "म्हटलं, एक सांगायचंय. तू म्हणालीस, थांब, सात नंबर उठून बसलाय, मी करते फोन."

झोपवाली उघड्या दारात तशीच उभी राहिली.

"मालकांना पुन्हा पुन्हा खोटी आशा दाखवायची लाज वाटली मला," ताई म्हणाली. "तू येशील असं मला वाटलंच नाही. राग म्हणून नाही सांगत. खरंच नाही वाटलं." आणि मग हात पुसत म्हणाली, "आता आली आहेसच, तर आईला जरा उठवून बसव. मी पडते थोडी."

झोपवालीने आईच्या पाठीखाली हात घातला. आई हाताला अपेक्षेपेक्षा हलकी लागली. हे रोज किती वेळा करावं लागतं, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. फोनचं प्रकरण ताईला सांगायचं तिच्या ओठांवर चार वेळा आलं आणि चारही वेळा तिने गिळलं. ती तिथे नसती तर त्या पहिल्या शुक्रवारीच सगळं आटोपलं असतं आणि ताई आज तिकडे असती, हे सांगायचं तोंडच तिला नव्हतं.

सोमवारी सकाळी ताई आतल्या खोलीत झोपलेली होती. झोपवाली आईला चहा पाजत होती, तेव्हा फोनवर मुनीचा निरोप आला. दोनच शब्द. हजार झाले.

"कुणाचा गं?" आईने विचारलं. कवळी अजून लावलेली नव्हती, त्यामुळे शब्द मऊ येत होते.

"ऑफिसातून. यंत्रं उठली सगळी."

"बाई बाई, बरं झालं. आठवडाभर तुझ्या जिवाला घोर. कुणी उठवली शेवटी?"

"कुणी नाही. ती आपली आपणच झोपतात नि उठतात. तशी लावूनच ठेवलेली असतात."

आईने कप खाली ठेवला आणि खरोखरच न कळून तिच्याकडे पाहिलं. "मग तू तिथे काय करत होतीस?"

झोपवालीने कप उचलला, बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग ती उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेली. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि जागी होती. झोपवाली तिच्या पायाशी पलंगावर बसली आणि त्या पहिल्या शुक्रवारपासून सगळं सांगायला लागली.